भागीदार शाळेचे शिक्षक नाशिकला येतात तेव्हा

आंतरराष्ट्रीय देवाणघेवाण प्रकल्पातून परदेशी शिक्षक आठवडाभरासाठी येणार असे कळले की शिक्षकखोलीत पहिली चर्चा सुरू होते ती शाल, श्रीफळ आणि स्वागतगीताची. आमच्याकडे इंग्लंडहून पहिल्यांदा दोन शिक्षिका आल्या तेव्हा आम्हीही तेच केले. सहा दिवसांत सत्कार सात झाले, वर्गातले तास जेमतेम तीन पाहून झाले, आणि त्या गेल्यावर हॉटेलच्या खोलीत चौदा नारळ सापडले. म्हणून नियोजनाला सुरुवात करावी ती शाळेच्या वेळापत्रकापासून.

तारखा नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा जानेवारीत धराव्यात. डिसेंबरात स्नेहसंमेलनाच्या तालमींमुळे निम्मे वर्ग रिकामे असतात, आणि फेब्रुवारीत बारावी-दहावीच्या परीक्षा सुरू झाल्या की परीक्षा केंद्र असलेल्या शाळेत पाहुण्यांना फिरवता येत नाही. २०२७ मध्ये सिंहस्थाच्या पर्वण्यांचे दिवसही टाळावेत, कारण त्या काळात पंचवटीतच नव्हे तर शहरभर वाहतूक बदललेली असते. पूर्वतयारीच्या ऑनलाइन बैठका दुपारी साडेतीनला ठेवाव्यात. हिवाळ्यात इंग्लंडचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असल्याने तिकडे तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात.

निमंत्रणपत्रात भेटीचा हेतू, तारखा, मुक्कामाचा पत्ता आणि कोणता खर्च कोण करणार हे स्पष्ट लिहावे. पर्यटन व्हिसावर वर्गात शिकवलेले चालेल असे गृहीत न धरता पाहुण्यांनी भारतीय वकिलातीकडे आधीच लेखी विचारणा केलेली बरी. मुक्काम एखाद्या शिक्षकाच्या घरी असेल, तर परदेशी पाहुणे आल्याची ऑनलाइन नोंद २४ तासांच्या आत करण्याची जबाबदारी त्या यजमानावर असते. हॉटेलवाले ती स्वतः करतात. भागीदार शाळेने ग्रंथालयासाठी पैसे देऊ केले, तर परदेशी योगदान (विनियमन) कायदा, २०१० खालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय संस्थेने ते स्वीकारू नयेत, मग रक्कम कितीही लहान असो. मुलांचे फोटो काढण्यापूर्वी पालकांची लेखी संमती घ्यावी.

खरे काम वर्गात आहे. पहिल्या दिवशी पाहुण्यांनी परिपाठापासून शाळा सुटेपर्यंत एकाच तुकडीबरोबर राहावे, शक्यतो शेवटच्या बाकावर, आणि त्या तुकडीला आधी पढवून ठेवू नये. साठ मुलांच्या वर्गात एका शिक्षिकेने अपूर्णांक शिकवताना भाकरीचे चार तुकडे केले आणि मागच्या रांगेतल्या मुलीने ‘बाई, चतकोर!’ म्हटले, हा प्रसंग आमच्या पाहुण्यांनी वहीत उतरवून घेतला. सातपैकी एकाही सत्काराची नोंद त्या वहीत नव्हती. तिसऱ्या दिवसापासून एक तास दोघांनी मिळून घ्यावा. त्याचे टाचण आदल्या दिवशी एकत्र बसून काढावे, आणि मुले अडखळली तर मराठीत समजावण्याचे काम आपल्या शिक्षकाने करावे, पाहुण्यांकडून संपूर्ण तासाची अपेक्षा ठेवू नये.

सहलीला अर्धा दिवस पुरतो. त्रिरश्मी डोंगरावरच्या पांडवलेण्यांत २४ लेणी आहेत. तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचा शिलालेख आहे, तो इतिहासाच्या शिक्षकांनी सातवीच्या मुलांसोबतच दाखवावा. मिसळ अवश्य खाऊ घालावी, पण तर्री वेगळ्या वाटीत द्यावी आणि दही जवळ ठेवावे.

समारोपाची बैठक शुक्रवारी ठेवावी, कारण शनिवारी सकाळची शाळा असल्याने सगळ्यांचे लक्ष घड्याळाकडे असते. तीत दोन्ही बाजूंनी काय पाहिले, काय पटले नाही आणि पुढच्या सत्रात कोणता एक पाठ दोन्ही शाळांत घ्यायचा, हे लिहून सह्या कराव्यात. निरोपाच्या वेळी नारळाऐवजी मनुकांचे पाकीट द्यावे.