शहर बसचे प्रवासी किती समाधानी आहेत, हे कसं मोजावं

प्रश्न बाराच्या वर नकोत. पुण्यात स्वारगेटला चढून पुढच्या काही थांब्यांत उतरणाऱ्याकडे तीन मिनिटंही जेमतेम असतात. 'आजच्या या प्रवासाबद्दल' असंच विचारा. 'पीएमपीबद्दल (म्हणजे पुण्याच्या शहर बससेवेबद्दल) तुमचं मत काय' म्हटलं की वर्षभराचा राग बाहेर येतो. 'बस वेळेवर आणि स्वच्छ होती का' हे दोन प्रश्न आहेत, ते वेगळे करा. गुण १ ते ५. एकूण समाधानाचा प्रश्न आधी घ्या, नाहीतर तपशिलातल्या तक्रारींचा रंग त्याला चढतो.

खरी मेख आहे माणसं निवडण्यात. चालत्या बसमध्ये फिरून 'जो भेटेल त्याला' विचारू नका. त्यात लांब पल्ल्याचे प्रवासी जास्त सापडतात, कारण ते गाडीत जास्त वेळ असतात. शिवाय दाराशी लोंबकळणारा सुटतो आणि खिडकीशी निवांत बसलेला उत्तर देतो. मग गर्दीच्या मार्गालाही चांगले गुण पडतात. निवड चढतानाच करा: दर पाचवा चढणारा, मग तो कोणीही असो. वेळ नाही म्हणाला तर त्याच्या परवानगीने फोन नंबर घेऊन संध्याकाळी विचारा. नकार देणाऱ्यांचीही नोंद ठेवा. काम कंडक्टरवर टाकू नका. गणवेशातल्या माणसासमोर त्याच्याच वागणुकीला कोण कमी गुण देणार? चमूत बायका हव्यातच, छेडछाडीबद्दल पुरुषाला खरं उत्तर क्वचितच मिळतं.

एवढं करूनही एक वाकडेपणा उरतो. आठवड्याला बारा फेऱ्या करणारा पासधारक तुमच्या हाती लागण्याची शक्यता एकदाच येणाऱ्याच्या बारापट असते. म्हणून आठवड्याच्या फेऱ्या विचाराच. निष्कर्ष प्रवासांबद्दल हवा असेल तर उत्तरं तशीच घ्या. माणसांबद्दल हवा असेल तर प्रत्येक उत्तराला १ भागिले फेऱ्या असं वजन द्या. अहवालात यातलं काय मोजलंय ते लिहा. भरलेली बस न थांबता गेल्यामुळे थांब्यावरच राहिलेले लोक बसमध्ये भेटणारच नाहीत. त्यांच्यासाठी सकाळी आणि संध्याकाळी थांब्यांवर वेगळी माणसं उभी करा.

संख्या: ९५ टक्के खात्रीने ५ टक्के इकडे-तिकडे हवं असेल तर ३८५ उत्तरं लागतात, पण ती एकमेकांपासून सुटी असतील तरच. एकाच बसमधल्यांची मतं सारखी येतात, म्हणून किमान दीडपट घ्या. मार्गांची तुलना करायची असेल तर हा हिशेब प्रत्येक मार्गाला लागू होतो. मार्गामागे ५० उत्तरांवर क्रमवारी लावणं ही शुद्ध फसवणूक आहे.

हिशेब करताना नुसती सरासरी छापू नका. ३.४ मधून काहीच कळत नाही. १ किंवा २ गुण देणारे किती टक्के, ते दाखवा. वेळ, स्वच्छता अशा प्रत्येक बाबीचा एकूण समाधानाशी सहसंबंध काढा, म्हणजे दोघांचे गुण किती बरोबरीने वर-खाली होतात ते पाहा. संबंध घट्ट आणि गुण कमी, ती बाब आधी दुरुस्तीला घ्या. 'सर्वात महत्त्वाचं काय' असं थेट विचारलंत तर सगळेच सगळ्याला महत्त्वाचं म्हणतात.

दुरुस्तीनंतर पुन्हा मोजाल तेव्हा मार्ग, वेळ आणि प्रश्नांचे शब्द तेच ठेवा, आणि महिनाही तोच. जुलैच्या पावसातले गुण जानेवारीशी ताडून पाहू नका.