मोठी संख्या हातात आली की आधी काय पाहायचं

मी घरी शिकवण्या घेते. दरवर्षी नव्या मुलांना पहिल्या दिवशी एकच संख्या देते: १२३४५६७८९८७६५४३२१. फोन बाजूला, चौकटीची वही पुढे, एका चौकटीत एकच अंक.

फोन बाजूला ठेवायला कारण आहे. एकदा हीच संख्या मी संगणकावरच्या तक्त्यात टाकली, तर शेवटी ३२१ ऐवजी ३०० आलं. अशा तक्त्यात पंधराच अंक नेमके राहतात. विषम संख्या सम झाली आणि मी अर्धा तास चुकीच्याच संख्येचे भागाकार करत बसले.

आता अंकांची बेरीज. एकेक अंक मिळवत जाऊ नका, नऊच्या जोड्या लावा: १ आणि ८, २ आणि ७, ३ आणि ६, ४ आणि ५. चढत्या बाजूला चार जोड्या, उतरत्या बाजूला चार, मधला ९ एकटा. झाले ८१. म्हणजे ९ ने भाग जाणार हे नक्की. पण तेवढ्यावरून ८१ नेही जाईल असं धरू नका. १८९९ च्या अंकांची बेरीज २७ येते, तरी २७ ने भागल्यावर ९ उरतात. म्हणून ९ ने दोनदा भागून पाहा: आधी १३७१७४२१०९७३९३६९, मग १५२४१५७८९९७१०४१, दोन्ही वेळा बाकी शून्य. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या अशा संख्येला देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांनी ‘हर्षद’ म्हटलं. बाकी शून्य आली की मुलांचे चेहरे पाहावेत, नाव किती नेमकं आहे ते कळतं.

११ ची कसोटी झटपट: एकाआड एक अंकांच्या बेरजा ४१ आणि ४०, भाग जात नाही.

३७ साठी उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा: ३२१, ६५४, ९८७, ६७८, ३४५, १२. बेरीज २९९७, म्हणजे ९९९ ची तिप्पट. १००० ला ९९९ ने भागलं की १ उरतो, म्हणून गटांची नुसती बेरीज पुरते. आणि ९९९ म्हणजे २७ × ३७. भाग गेला.

आता वर्गमूळ. नऊ वेळा १ लिहा आणि त्या संख्येला तिनेच गुणा, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकवत. उजव्या टोकाच्या रकान्यात एक १, पुढच्यात दोन, मधल्यात नऊ, मग पुन्हा उतरण. हातचा कुठेच नाही! ही कापरेकरांची डेम्लो संख्या. कल्पना सुचली ते डेम्लो स्टेशन म्हणजे आजची डोंबिवली.

मूळ अवयव ३⁴ × ३७² × ३३३६६७². घातांकांत एकेक मिळवून गुणलं की ५ × ३ × ३, म्हणजे ४५ विभाजक.

मग दहा वेळा १ घेऊन तेच करायला सांगते. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. मधल्या रकान्यात दहा जमतात, हातचा १ डावीकडच्या नऊला जाऊन मिळतो, तिथला हातचा पुढच्या आठला, आणि चढत्या बाजूचा ८ नाहीसा होतो.