भिंतीवर उभ्या लाकडी फळ्या सफाईने कशा बसवाव्यात

बाहेरच्या भिंतीवर उभ्या लाकडी फळ्या बसवल्या की दुरून फक्त सरळ रेषा दिसतात, आणि थोडी काळजी घेणाऱ्या कोणालाही त्या साधतात. जवळ गेल्यावर कारागिराची परीक्षा होते ती तीन जागी: फळीच्या खालच्या टोकाशी, खिडकीच्या माथ्यावर आणि कोपऱ्यात. या जागी पाण्याला बाहेर पडायला वाट आहे का, आणि प्रत्येक फळीला फुगायला व आकसायला मोकळीक आहे का, यावरच आवरण किती वर्षे टिकेल आणि तोवर कसे दिसेल हे ठरते. पुढील विवेचन मुख्यतः ‘फळी आणि पट्टी’ या पद्धतीचे आहे. तिच्यात रुंद फळ्या थोडी फट ठेवून उभ्या लावतात आणि प्रत्येक फटीवर बाहेरून अरुंद पट्टी बसवतात. एका कडेला जीभ आणि दुसऱ्या कडेला खाच असलेल्या, एकमेकींत अडकणाऱ्या टंग अँड ग्रूव्ह फळ्यांना जिथे वेगळी काळजी लागते, तिथे तसे सांगितले आहे.

लाकडाची निवड आणि तयारी

सीडर, लार्च, सागवान किंवा नीट प्रक्रिया केलेले पाइन यांपैकी कोणतेही लाकूड चालते. जातीपेक्षा लाकूड किती वाळलेले आहे याला अधिक महत्त्व आहे. बसवताना फळीतील ओलावा १२ ते १५ टक्क्यांच्या आसपास असावा आणि १९ टक्क्यांच्या वर तर मुळीच नसावा. ओलावा मोजण्याचे छोटे यंत्र सहज हाताळता येते; ते गठ्ठ्यातील वरच्या एका फळीला लावून समाधान मानू नये, मधल्या आणि खालच्या फळ्यांनाही लावून पाहावे. माल आल्यावर तो कामाच्या जागीच, जमिनीपासून उचलून, छपराखाली, प्रत्येक थरामध्ये सारख्या जाडीच्या आडव्या पट्ट्या ठेवून एक ते दोन आठवडे रचून ठेवावा, म्हणजे तिथल्या हवेशी त्याचा मेळ बसतो.

लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही. हलते ते रुंदीत. सपाट चिरलेल्या फळीतील ओलावा ४ टक्क्यांनी वाढला, तर तिची रुंदी साधारण १ टक्क्याने वाढते, म्हणजे २०० मिलिमीटरची फळी सुमारे २ मिलिमीटरने फुगते. हा आकडा एका फळीपुरता किरकोळ वाटतो. पण वीस फळ्या फट न ठेवता एकमेकींना भिडवल्या, तर तोच ४ सेंटीमीटरचा दाब होतो आणि फळ्या भिंतीपासून उचलल्या जातात. वलये फळीच्या पृष्ठभागाला जवळजवळ काटकोनात येतील अशा रीतीने चिरलेली फळी याच्या निम्मीच हलते. ती महाग पडते, तरी जिथे फळ्या रुंद आणि ऊन कडक आहे अशा भिंतीसाठी तो खर्च मला योग्य वाटतो.

प्रत्येक फळीचे टोक पाहावे. तिथे वार्षिक वलयांच्या कमानी दिसतात. कमानींचा फुगवटा ज्या बाजूला असतो ती सालीची बाजू आणि तिच्या उलट ती गाभ्याची. वाळताना या कमानी सरळ होऊ पाहतात, त्यामुळे सालीची बाजू पन्हळीसारखी आत वळते. म्हणून गाभ्याची बाजू बाहेर ठेवून फळी लावावी. मग ती वळली तरी कडा भिंतीकडे दाबल्या जातात आणि उघड्या पडत नाहीत. पट्ट्यांनाही हाच नियम लागू होतो.

बसवण्यापूर्वी फळ्यांच्या सहाही बाजूंना, म्हणजे पुढे, मागे, दोन्ही कडांना आणि दोन्ही टोकांना, प्रायमर किंवा लाकडात मुरणाऱ्या तेलाचा पहिला हात द्यावा. टोकांकडे विशेष लक्ष हवे, कारण लाकडाच्या नळ्या तिथे उघड्या पडतात आणि टोक बाजूच्या मानाने कितीतरी जास्त पाणी शोषते. कामाच्या ठिकाणी फळी कापली की लगेच त्या ताज्या टोकाला प्रायमर लावावा. करवतीशेजारी उघडा डबा आणि ब्रश ठेवला म्हणजे हे विसरले जात नाही. मी स्वतः पहिल्या कामात ‘सगळ्या टोकांना शेवटी एकदम लावू’ असे म्हणून पुढे गेलो होतो. भिंतीवर चढलेल्या फळ्यांच्या टोकांपर्यंत ब्रश पोहोचलाच नाही, आणि दोनच पावसाळ्यांनंतर तळाला बोटभर उंचीचा काळा पट्टा उमटला.

भिंतीची तयारी

फळ्यांच्या मागे पाणी जाणारच, असे गृहीत धरूनच भिंत तयार करावी. पाणी अडवणारे पण वाफ जाऊ देणारे मेम्ब्रेन, म्हणजे पातळ पडदा, आधी खालून वर लावत जावे, म्हणजे वरचा पट्टा नेहमी खालच्या पट्ट्यावर येतो. आडव्या जोडावर किमान १५० मिलिमीटरचा चढाव, म्हणजे एकावर एक येणारा भाग, ठेवावा. खिडक्या-दारांच्या माथ्यावर पत्र्याचे फ्लॅशिंग, म्हणजे पाणी बाहेर वळवणारी वाकवलेली पट्टी, बसवून त्याची वरची कड मेम्ब्रेनच्या मागे सरकवावी. क्रम उलटला, म्हणजे मेम्ब्रेन फ्लॅशिंगच्या मागे राहिले, तर वरून उतरलेले पाणी थेट भिंतीत शिरते आणि बाहेरून ते कधीच दिसत नाही.

उभ्या फळ्यांना खिळे ठोकायला आडव्या लाकडी पट्ट्यांचा आधार लागतो, आणि इथेच या पद्धतीची खरी अडचण आहे. आडव्या पट्ट्या सरळ भिंतीवर ठोकल्या, तर प्रत्येक पट्टी वरून येणारे पाणी अडवून धरणारा बांध ठरते आणि मागची हवा खेळत नाही. म्हणून आधी १२ ते २० मिलिमीटर जाडीच्या उभ्या पट्ट्या भिंतीतील खांबांवर ठोकाव्यात आणि त्यांवर सुमारे ३८ मिलिमीटर जाडीच्या आडव्या पट्ट्या बसवाव्यात. आडव्या पट्ट्यांमधील अंतर ६०० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावे, आणि खिडकीच्या वर व खाली तसेच भिंतीच्या माथ्याला व तळाला एकेक पट्टी आवर्जून असावी. मागची ही पोकळी तळाशी आणि माथ्याशी उघडी ठेवून तिथे किडे-उंदरांसाठी बारीक छिद्रांची स्टेनलेस स्टीलची जाळी घडी घालून बसवावी. इमारत एकाहून अधिक मजल्यांची असेल, तर अशा पोकळीतून आग वर चढू शकते. त्यामुळे मजल्यागणिक अडथळे कुठे द्यायचे याबाबत तिथले बांधकाम नियम आधी पाहावेत.

आडव्या पट्ट्या बसल्या की लांब सरळ पट्टी किंवा ताणलेली दोरी धरून भिंतीचा सपाटपणा तपासावा. जिथे खड्डा असेल तिथे मागे पाचर द्यावी. तिरप्या उन्हात भिंतीची प्रत्येक लाट फळ्यांवर उमटते, आणि फळ्या लागल्यावर ती दुरुस्त करता येत नाही.

मांडणीचा हिशोब

भिंतीच्या एका टोकाला सगळ्या फळ्या पूर्ण रुंदीच्या आणि दुसऱ्या टोकाला एक अरुंद चिंधी, हे घाईत केलेल्या कामाचे लक्षण आहे. ते टाळायला थोडे गणित पुरते. समजा, पहिल्या फळीच्या कडेपासून शेवटच्या फळीच्या कडेपर्यंत ३७०० मिलिमीटर भरायचे आहे, फळी १४५ मिलिमीटर रुंद आहे आणि मधली फट १२ मिलिमीटर ठेवायचे मनात आहे. २३ फळ्या आणि २२ फटी मिळून ३५९९ मिलिमीटर होतात. १०१ मिलिमीटर उरतात. त्या जागेत ८९ मिलिमीटरची अर्धवट फळी घालण्याऐवजी फटच वाढवावी: ३७०० मधून फळ्यांचे ३३३५ वजा केले की ३६५ उरतात, ते २२ फटींत वाटले की प्रत्येक फट साधारण १६.६ मिलिमीटरची होते आणि सर्व फळ्या पूर्ण रुंदीच्या बसतात. वरची पट्टी ५० मिलिमीटर रुंद असेल, तर ती दोन्ही फळ्यांवर १६ मिलिमीटरहून थोडी जास्तच चढते. किमान १२ मिलिमीटर चढाव हवा, तो सहज मिळतो. फटीने हिशोब जुळला नाही, तरच पहिली आणि शेवटची फळी सारख्या मापाने कापून अरुंद करावी.

हा हिशोब प्रत्येक फळीच्या वेळी टेपने मोजून अमलात आणू नये, कारण छोट्या चुका साठत जातात. एका सरळ पट्टीवर सर्व फळ्यांच्या कडांच्या खुणा एकदाच करून ती पट्टी भिंतीच्या तळाला आणि माथ्याला धरावी व खुणा उतरवून घ्याव्यात. तळाची रेघ पाणसळीने किंवा लेझरने साऱ्या घराभोवती एकाच उंचीला मारावी, आणि पहिली फळी कोपऱ्याच्या कडेला जुळवण्याऐवजी ओळंब्यात लावावी. घराचे कोपरे क्वचितच अगदी उभे असतात. तिथला फरक कोपऱ्याच्या पट्टीखाली झाकला जातो, पण तिरकी लागलेली पहिली फळी पुढच्या सगळ्यांना तिरके करते. दर चार-पाच फळ्यांनंतर पुन्हा ओळंबा धरून पाहावा.

खिळे कुठे ठोकावेत

खिळे स्टेनलेस स्टीलचे आणि अंगावर कड्यांसारख्या खाचा असलेले घ्यावेत. समुद्राजवळ ३१६ प्रतीचे. साधा लोखंडी खिळा सीडरसारख्या टॅनिन असलेल्या लाकडात काळे ओघळ सोडतो आणि ते रंगाखालूनही वर येतात. खिळ्याचे किमान ३२ मिलिमीटर अंग आडव्या पट्टीत रुतले पाहिजे. म्हणून २० मिलिमीटरच्या फळीला ५५ मिलिमीटरचा खिळा बरोबर पडतो.

दीडशे मिलिमीटरपर्यंतच्या फळीला प्रत्येक आडव्या पट्टीवर मधोमध एकच खिळा ठोकावा. त्याहून रुंद फळीला मध्यापासून दोन्हीकडे सारख्या अंतरावर, एकमेकांपासून साधारण ७५ मिलिमीटरवर दोन खिळे चालतात. दोन्ही कडांना खिळे ठोकून फळी जखडली, तर कोरड्या हवेत आकसताना तिला जागा उरत नाही आणि ती मधोमध तडकते. फटीवरची पट्टी बसवताना तिचा खिळा दोन फळ्यांमधील फटीतूनच आडव्या पट्टीत जायला हवा. तो फळीच्या कडेतून गेला की पट्टीसह ती फळीही अडकली. १९ मिलिमीटरच्या पट्टीला आणि तिच्यामागच्या रिकाम्या जागेला ओलांडून पकड घ्यायची असल्याने हा खिळा ७५ मिलिमीटरचा लागतो. टोकापासून जवळ खिळा मारायचा असेल, तर आधी बारीक भोक पाडावे. खिळ्याचे डोके लाकडाच्या पातळीला येताच थांबावे. आत रुतलेल्या डोक्यावर पाण्याचे तळे होते. आडव्या पट्ट्यांच्या मध्यावर फळ्यांवर दोरीने फिकट खूण करून घेतली, तर सगळी डोकी एका ओळीत येतात, आणि ही ओळ डोळ्याला लगेच जाणवते.

टंग अँड ग्रूव्ह फळ्यांत खिळा जिभेच्या मुळाशी तिरका मारून पुढच्या फळीच्या खाचेखाली लपवता येतो. फळ्या मात्र हातोडीने ठोकून गच्च भिडवू नयेत. कोरड्या लाकडाच्या जिभेपुढे खाचेत २ ते ३ मिलिमीटर जागा सोडावी आणि उघडी पडणारी जीभ आधीच रंगवून ठेवावी, नाहीतर फळी आकसल्यावर कोऱ्या लाकडाची रेघ दिसते.

तळ, खिडकी, जोड आणि कोपरा

फळीचे खालचे टोक जमिनीपासून किमान २०० मिलिमीटर वर असावे, म्हणजे उडालेले पाणी आणि माती तिला लागत नाही. हे टोक सरळ न कापता करवत सुमारे २० ते ३० अंश तिरकी करून असे कापावे की पुढची कड सर्वांत खाली राहील. पाणी त्या कडेवरून टपकते आणि मागच्या बाजूला ओढले जात नाही.

खिडकीच्या माथ्यावरचे फ्लॅशिंग बाहेर उतरते असावे, आणि फळीचे टोक त्याच्यापासून ६ ते १० मिलिमीटर वर थांबावे. ही फट सीलंटने भरण्याचा मोह अनेकांना होतो, तो टाळावा. ती बंद केली की फळीचे टोक सतत पाण्यात उभे राहते. खिडकीच्या दोन्ही बाजूंना अर्धवट फळ्या आल्या, तर त्या सारख्या रुंदीच्या येतील अशी मांडणी मूळ हिशोबातच बघावी.

शक्यतो तळापासून माथ्यापर्यंत एकसंध फळी वापरावी. भिंत फळीहून उंच असेल, तर इकडेतिकडे जोड देण्याऐवजी सगळे जोड एकाच उंचीवर आणून तिथे आडवे फ्लॅशिंग द्यावे, आणि वरच्या फळ्या त्याच्यापासून तितकीच फट सोडून सुरू कराव्यात. मजल्याच्या उंचीवर आलेली अशी रेघ मुद्दाम योजल्यासारखी शोभते.

कोपऱ्यासाठी दोन पट्ट्या खालीच, टेबलावर, गोंद आणि स्क्रूने काटकोनात जोडून घ्याव्यात आणि मग एकसंध उभ्या कराव्यात. शिडीवर उभे राहून दोन सुट्या पट्ट्यांचा सांधा बंद ठेवणे फार अवघड जाते.

अखेरचा हात

पहिल्या हातानंतरचे रंगाचे किंवा तेलाचे थर काही आठवड्यांच्या आत द्यावेत, कारण उन्हाने लाकडाचा पृष्ठभाग लवकर जीर्ण होतो आणि त्यावर रंग नीट धरत नाही. खरबरीत चिरलेली बाजू रंधा मारलेल्या बाजूपेक्षा जास्त तेल पिते आणि ते जास्त काळ धरून ठेवते, म्हणून मुरणाऱ्या तेलासाठी मी तीच बाजू बाहेर घेतो. सावली भिंतीवर येण्याची वाट पाहून काम सुरू करावे. एका वेळी दोन-तीनच फळ्या माथ्यापासून तळापर्यंत न थांबता पूर्ण कराव्यात. मध्येच थांबल्यास वाळलेल्या कडेवर दुसरा थर चढून गडद डाग पडतो. फवाऱ्याने मारले तरी मागोमाग ब्रश फिरवावा, विशेषतः पट्टी आणि फळीच्या सांध्यात.

वर्षभराने, सर्वांत कोरड्या दिवसांत, घराभोवती एक फेरी मारावी: पट्ट्यांच्या कडेला कोरे लाकूड उघडे पडले असेल तिथे रंग द्यावा, वर आलेले खिळे बसवावेत, आणि तळाच्या जाळीत अडकलेला पाचोळा काढून पोकळीचे तोंड मोकळे करावे.