मोटरहोममध्ये ट्रेलर ब्रेक कंट्रोलर बसवताय? आधी या चुका टाळा

ब्रेक कंट्रोलर म्हणजे डॅशपाशी बसणारा डबा, आपण ब्रेक दाबला की तो मागच्या ट्रेलरच्या इलेक्ट्रिक ब्रेकला करंट सोडतो. त्याला चारच वायरी दिसल्या की लोकांना वाटतं अर्ध्या तासाचं काम आहे. काळी बॅटरीला, पांढरी अर्थला, लाल स्टॉप लाईट स्विचला, निळी मागे ट्रेलरच्या सॉकेटला, झालं! पिकअपमध्ये होतंही तसं पटकन. पण मोटरहोम म्हणजे दहा-बारा मीटर लांब गाडी, बॅटऱ्या दोन वेगवेगळ्या, चासी एका कंपनीची आणि त्यावरचं घर दुसऱ्याच कंपनीने बांधलेलं. इथे घाई केली की ती उतारावर कळते, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे बारीक वायर. घरात जे बंडल पडलंय तेच ओढून मोकळं व्हायचं. आता बघा, १० किंवा १२ इंची इलेक्ट्रिक ब्रेकचा एक मॅग्नेट (ब्रेक धरवणारं विद्युतचुंबक, प्रत्येक चाकाला एक) साधारण ३ अँपिअर घेतो. दोन अॅक्सलच्या ट्रेलरला चार मॅग्नेट म्हणजे १२ अँपिअर, तीन अॅक्सल असतील तर १८. हा सगळा करंट डॅशपासून मागच्या बंपरपर्यंत, वळणं धरून १४-एक मीटर जायचाय. १२ अँपिअरला १६ गेजची वायर वाटेतच दोन व्होल्टच्या वर खाते, १० गेज टाकली तर अर्ध्या व्होल्टच्या आसपास (गेजचा आकडा लहान तितकी वायर जाड).

ओळखीतल्या एकाच्या गाडीवर नेमकं हेच झालं होतं. दोन अॅक्सलचा ट्रेलर, त्यावर छोटा ट्रॅक्टर. गेन, म्हणजे ट्रेलरला किती जोराचा ब्रेक द्यायचा ते ठरवणारं कंट्रोलरवरचं सेटिंग, पूर्ण वर, तरी ब्रेक दाबला की ट्रेलर मागून गाडीला ढकलायचा. एका गॅरेजने कंट्रोलर बदलून दिला, फरक शून्य. दुसऱ्याने ट्रेलरचे शू आणि मॅग्नेट बदलले, तरी तेच, आणि दोघांनीही मीटर हातात घेतला नव्हता याचा मला आजही राग येतो. ट्रेलर जोडलेलाच ठेवून मी त्याला मॅन्युअल लिव्हर (फक्त ट्रेलरचे ब्रेक हाताने लावायचा, कंट्रोलरवरचा) पूर्ण दाबून धरायला सांगितलं. डॅशखाली निळ्या वायरीवर १२ व्होल्ट, मागे सॉकेटला जेमतेम १०. खालचं कव्हर काढलं तर आत स्पीकरला वापरतात तसली वायर, मध्ये नुसता पीळ देऊन टेप गुंडाळलेले जोड, त्यातला एक पार हिरवा पडलेला. आणि पांढरी वायर डॅशच्या आत एका रंग दिलेल्या पट्टीला स्क्रूने आवळलेली, रंग खरवडायचेही कष्ट नाहीत. मग बॅटरी ते कंट्रोलर आणि कंट्रोलर ते सॉकेट १० गेजची तांब्याची अखंड वायर टाकली, पांढरी थेट बॅटरीच्या मायनसला नेली, काढून ठेवलेला जुनाच कंट्रोलर परत लावला आणि ट्रेलरने खणखणीत ब्रेक धरला.

मीटर लावताना ट्रेलर जोडलेला हवाच. कंट्रोलर करंट पल्समध्ये सोडतो, लोड नसताना मीटर काहीही दाखवतो आणि लोक चांगला कंट्रोलर फेकून देतात. मी तर आधी टेस्ट लॅम्पच लावतो.

काळी वायर चासीच्या, म्हणजे इंजिनच्या बॅटरीवरूनच घ्या, आतल्या घराचे दिवे-पंखे चालवणाऱ्या बॅटरीवरून नाही. मध्ये ब्रेकर हवा, बॅटरीच्या अगदी जवळ, एक-दोन अॅक्सलला २० अँपिअर, तीनला ३०. शक्यतो आपोआप परत जोडला जाणारा घ्या, कारण फ्यूज उडाला तर पुढचा ब्रेक दाबेपर्यंत कळतही नाही.

दुसरी चूक, जिचा मला खरंच वैताग आलाय, ती लाल वायरची. ही वायर स्टॉप लाईट स्विचच्या अशा बाजूला लागते जी फक्त पेडल दाबल्यावर जिवंत होते. लोक पेडलपाशी वाकायचा कंटाळा करतात आणि मागच्या दिव्याकडे जाणाऱ्या वायरीला चिमटा मारतात. पण बऱ्याच गाड्यांत ब्रेक आणि इंडिकेटर एकाच बल्बवर असतात, मग इंडिकेटर दिला की ट्रेलरचे ब्रेक त्याच तालावर धरतात-सोडतात, हॅझर्ड लावला तरी तेच. पेडलपाशीसुद्धा स्विचला कधी कधी चार वायरी असतात, त्यातली एखादी क्रूझ कंट्रोलची, तेव्हा अंदाजाने कापू नका. पेडल सोडून तपासा, दाबून तपासा, मग इंडिकेटर आणि हॅझर्ड चालू करून परत तपासा. एअर ब्रेकच्या डिझेल गाडीत स्टॉप लाईटचा स्विच हवेच्या दाबावर चालतो, तो आधी शोधावा लागतो, आणि तिथे इंजिन ब्रेक लावूनही बघा. काही गाड्यांत त्यानेही ब्रेक लाईट लागतात, मग लांब उतारावर ट्रेलरचे ब्रेक सतत धरून तापत राहतात.

फोर्ड एफ-५३ सारख्या चासीला डॅशखाली कंट्रोलरसाठी तयार प्लग मिळतो, वायर कापण्याआधी तो शोधा. पण निळी वायर मागे सॉकेटपर्यंत खरंच पोचलीये का हे बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नका, घर बांधणाऱ्याने ती मध्येच सोडलेली असू शकते.

सॉकेटमध्ये रंगावर जाऊ नका, कोणत्या पिनचं काम काय ते बघा. ट्रेलरच्या बाजूचे रंग वेगळे असू शकतात.

प्रपोर्शनल कंट्रोलर (गाडी जितक्या जोरात थांबते तितकाच ट्रेलरचा ब्रेक लावणारा) मनाला येईल तसा तिरका किंवा आडवा बसवू नका, बहुतेकांत आतला सेन्सर गाडीच्या दिशेने असावा लागतो. टाइम-डिलेवाल्याला, म्हणजे ठरलेल्या वेळात ब्रेक हळूहळू वाढवणाऱ्याला, हे बंधन नाही.

चिमटा मारायचे स्वस्त कनेक्टर गाडीखाली अजिबात नकोत. क्रिम्प आणि वर हीट श्रिंक, वायर कंड्यूटमधून, सायलेन्सरच्या पाइपपासून लांब. वेळ जातो, जाऊ दे.

मोटरहोममागे चारही चाकांवर कार ओढणाऱ्यांनी हा कंट्रोलर घेऊच नये. कारला इलेक्ट्रिक ब्रेक नसतात, तिच्यासाठी वेगळी सप्लिमेंटल ब्रेक सिस्टीम लागते.

ब्रेकअवे स्विचची (ट्रेलर गाडीपासून सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारा स्विच) पिन ओढून टेस्ट करताना ट्रेलरचा प्लग आधी काढा, नाहीतर करंट उलटा येऊन कंट्रोलर जळू शकतो.

गेन पार्किंगमध्ये उभ्या गाडीवर सेट होत नाही. मोकळ्या सपाट रस्त्यावर आधी ब्रेक जरा गरम होऊ द्या, मग ४० किमीच्या आसपास वेग ठेवून मॅन्युअल लिव्हर दाबा, ट्रेलरची चाकं जाम होईपर्यंत गेन वाढवा आणि तिथून थोडा खाली आणा. ट्रेलर रिकामा करून परतताना हे पुन्हा करा, भरलेल्या ट्रेलरच्या गेनवर रिकाम्याची चाकं लगेच जाम होतात.