अर्ज भरण्याआधी नावांचा एक कागद करा

घटस्फोटाची किंवा मुलाच्या ताब्याची कागदपत्रं वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कौटुंबिक न्यायालयात नेली, की निम्म्या खेपा नावातल्या फरकापायी होतात. आधारवर सासरचं नाव, पॅनवर माहेरचं, मुलाच्या जन्मदाखल्यावर तिसरंच स्पेलिंग.

बहिणीच्या वेळी आम्ही वकिलाकडे जाण्याआधी एक कागद केला:

१. प्रत्येक दाखल्यावरचं नाव जसंच्या तसं, अक्षर न सुधारता, एकाखाली एक लिहा. फरक असेल तिथे अर्जात ‘ऊर्फ’ घालून दोन्ही नावं द्यायला वकिलाला सांगा.

२. त्याखाली तारखा: लग्न, मुलाचा जन्म, वेगळं राहायला लागल्याचा दिवस. ही शेवटची नीट आठवा. हिंदू विवाह कायद्याखाली परस्परसंमतीच्या अर्जाला किमान १ वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं.

३. शेवटी दोघं एकत्र राहत होता तो पत्ता, आणि मूल सध्या राहतं तो. अर्ज कुठल्या कोर्टात चालेल हे बरंचसं यावर ठरतं. वसईला संसार झालेला असेल तर आधी हेच विचारा.

पोटगी मागायची असेल, तर पगारपत्रकं आणि बँकेचे उतारे त्याच फाइलीत ठेवा. मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र दोघांनाही द्यावं लागतं.

एक मात्र सांभाळा. कितीही घाई असो, रिकाम्या जागा असलेल्या प्रतिज्ञापत्रावर सही करू नका, आणि मूळ दाखले दाखवून लगेच परत घ्या.