बेल्टच्या परीक्षेआधी: तयारीची यादी

कराटे, तायक्वांदो, ज्युदो अशा कलांत पट्ट्याच्या परीक्षेची तारीख जाहीर झाली की बहुतेक विद्यार्थी लगेच लाथा-बुक्क्यांच्या सरावाला भिडतात. माझ्या मते पहिलं काम वहीचं आहे. तुमच्या शाळेत पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत किती पायऱ्या आहेत, त्यांतली तुमची कितवी आणि पुढच्या पायरीसाठी नेमकं काय दाखवावं लागतं, हे शिकवणाऱ्यांना विचारून लिहून घ्या. दुसऱ्या क्लासातल्या मित्राकडून ही माहिती घेऊ नका, कारण रंगांचा क्रम सगळीकडे सारखा नसतो. क्योकुशिन कराटेत पांढऱ्यानंतर केशरी, मग निळा आणि त्यानंतर पिवळा येतो. शोतोकान या कराटेच्याच दुसऱ्या शैलीच्या बऱ्याच शाळांत पिवळा पहिल्या काही पायऱ्यांतच मिळतो आणि शेवटच्या तीन पायऱ्या तपकिरी पट्ट्यावर काढाव्या लागतात. ऐकिदोच्या अनेक डोजोंमध्ये, म्हणजे सरावाच्या शाळांमध्ये, मोठी माणसं काळा मिळेपर्यंत पांढराच बांधतात. तेव्हा मित्राचा निळा आणि तुमचा निळा यांची तुलना मनातून काढून टाका.

आता परीक्षेचा अर्ज. यात आकड्यांची गल्लत फार होते. काळ्याच्या आधीच्या पायऱ्या, म्हणजे क्यू, उलट्या मोजतात: दहा क्यूंची रचना असेल तर दहावा सर्वांत खालचा आणि पहिला काळ्याच्या उंबरठ्यावरचा. तायक्वांदोतले गुपही असेच उतरत जातात. काळ्यानंतर मात्र दान सुरू होतात आणि ते चढत्या क्रमाने मोजतात. सध्याचा क्यू आणि ज्याची परीक्षा देणार तो क्यू असे दोन रकाने असतील, तर पुढचा आकडा लहान असायला हवा, एवढं भरताना तपासा. पहिल्या दानला जपानीत ‘शोदान’ म्हणतात. त्यातल्या ‘शो’चा अर्थ आरंभ. काळा पट्टा म्हणजे शिकणं संपलं असं समजणाऱ्यांनी हा शब्द नीट ऐकावा, असं मला मनापासून वाटतं.

त्याच बैठकीत हजेरी आणि कालावधी बघा. मागच्या परीक्षेपासून किती महिने झाले, किती तास भरले, वयाची अट आहे का? वरच्या पायऱ्यांवर हे नियम कडक होत जातात. तायक्वांदोत कुक्कीवॉन या दक्षिण कोरियातल्या मुख्य संस्थेच्या नियमांप्रमाणे पहिल्या दानवरून दुसऱ्यावर जायला किमान 1 वर्ष लागतं, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर 2 आणि तिसऱ्यावरून चौथ्यावर 3. लहान मुलांना दानऐवजी ‘पूम’ मिळतो आणि त्याचा पट्टा अर्धा लाल, अर्धा काळा असतो. घरातलं मूल परीक्षेला बसणार असेल तर हा फरक त्याला आधीच समजावून ठेवा, नाहीतर पट्टा हातात पडल्यावर ते हिरमुसतं. ब्राझिलियन जिउ-जित्सूत मोठ्यांचे काळ्यापर्यंतचे पट्टे पाचच: पांढरा, निळा, जांभळा, तपकिरी, काळा. मधल्या प्रगतीसाठी पट्ट्याच्या टोकाला पट्ट्या लावतात. तिथे बऱ्याच शाळांत परीक्षेची तारीखच नसते. शिकवणारे वर्षानुवर्षं तुमची झुंज बघतात आणि एक दिवस पट्टा बांधतात. तुमची शाळा अशी असेल तर पुढची यादी बाजूला ठेवा आणि नियमित जात राहा.

कराटेत परीक्षेचे तीन भाग असतात: किहोन म्हणजे मूळ हालचाली, काता म्हणजे एकट्याने करायची ठरलेल्या हालचालींची मालिका आणि कुमिते म्हणजे जोडीदाराबरोबरची झुंज. किहोनसाठी हालचालींची नावं कानाला ओळखीची झाली पाहिजेत. वाचून पाठ केलेलं नाव परीक्षकाच्या तोंडून भरभर आलं की कळत नाही. कुणाला तरी समोर बसवून ‘माए गेरी’, ‘गेदान बाराई’, ‘सोतो उके’ अशी नावं उलटसुलट पुकारायला सांगा आणि ऐकताक्षणी करा.

काताला सर्वांत जास्त वेळ द्या. मी एका परीक्षेत दुसऱ्याच वळणावर अडकलो होतो. सहा महिने रोज एकाच भिंतीकडे तोंड करून सराव केलेला. त्या दिवशी उलट्या दिशेला उभं केलं, खिडकी डावीकडची उजवीकडे गेली आणि पाय कुठे वळवायचा तेच सुचेना. काता माझ्या अंगात उतरला नव्हता, मी खोलीच्या खुणा पाठ केल्या होत्या. म्हणून चारही दिशांना तोंड करून करा, उघड्या मैदानात करा, शेवटी डोळे मिटून करा. सुरुवातीच्या जागी परत आलात का ते बघा. शोतोकानमधले हेइआन नावाचे पाचही काता जिथे सुरू होतात तिथेच संपायला हवेत. पाऊल लहान-मोठं पडत असेल तर तिथे लगेच उघडं पडतं. मागचे काताही उजळून ठेवा, परीक्षक ते कधीही मागू शकतात. तायक्वांदोत तेगुकच्या आठ पूमसेंची, म्हणजे तिथल्या कातांची, अशीच उजळणी लागते.

कुमितेसाठी अनोळखी उंचीच्या जोडीदारांबरोबर अंतर मोजायची सवय करा. ज्युदोत ‘नागे-नो-काता’, म्हणजे जोडीने करायचा फेकींचा काता, दाखवायचा असेल तर जोडीदार आधीच ठरवा आणि शेवटपर्यंत बदलू नका. त्यातली प्रत्येक फेक उजवीकडून आणि डावीकडून करायची असते, त्यामुळे कच्ची बाजू लपत नाही.

आदल्या आठवड्यात गी (सरावाचा पोशाख) धुऊन इस्त्री करा, नखं कापा, तोंडातला गार्ड आणि हातमोजे एका पिशवीत ठेवा. पट्टाही मळला असेल तर खुशाल धुवा. पूर्वी पांढरा पट्टा मळत मळत काळा व्हायचा म्हणून तो धुवायचा नाही, अशी गोष्ट अनेक ठिकाणी सांगतात, पण तिला आधार नाही. ज्युदोचे जनक कानो जिगोरो यांनी 1882 मध्ये कोदोकान हे ज्युदोचं केंद्र सुरू केलं, 1883 मध्ये दोन शिष्यांना पहिला दान दिला आणि काळा पट्टा त्यानंतर काही वर्षांनी ठरवून आणला. शोतोकान कराटेचे जनक फुनाकोशी गिचिन यांनी 1924 मध्ये हीच दानची पद्धत कराटेत घेतली. गीची डावी बाजू उजवीवर येऊ द्या आणि पट्ट्याची दोन्ही टोकं सारखी लोंबताहेत ना ते आरशात बघा. आदल्या दिवशी नवं काही शिकू नका. एकदा सावकाश काता करा आणि झोपा.

निकालानंतर परीक्षकांनी सांगितलेल्या चुका त्याच संध्याकाळी वहीत लिहा, उद्यापर्यंत अर्ध्या विसरतात. प्रमाणपत्रावरचं नाव, क्यू आणि तारीख तपासा आणि त्याची एक प्रत काढून ठेवा, कारण पुढच्या परीक्षेचे महिने त्या तारखेपासून मोजले जातील.