गाइडची पंधरा मिनिटं

गाइडकडे वेळ नसतो, हे धरूनच प्रोजेक्टला लागा. लेक्चरं, पेपर तपासणी, नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फायली यातून आठवड्याला तुमच्या वाट्याला जेमतेम पंधरा मिनिटं येतात. तेवढ्यात तुमचं काम कुठे अडलंय ते त्यांना दिसलं पाहिजे.

पहिल्या मेलपासूनच हे लागू होतं. 'आपल्या संशोधनात मला खूप रस आहे' एवढंच लिहिलेला मेल पन्नास जणांना गेलाय, हे लगेच कळतं. त्यांचा अलीकडचा एक पेपर वाचा, निदान आकृत्या आणि पद्धतीचा भाग, आणि त्यातलं न समजलेलं एक विचारा. मेल 150 शब्दांत संपवा: कोणतं वर्ष, हाताला काय येतं (मायक्रोपिपेट, पायथन, जे खरंच येतं ते), कोणत्या तारखांना मोकळे आहात. सोबत एक पानी बायोडेटा. उत्तर आलं नाही तर दहा दिवसांनी एकदाच आठवण करा. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांची मिळून असलेली दोन महिन्यांची समर फेलोशिप हवी असेल तर हालचाल आदल्या दिवाळीपासूनच हवी. मार्चमध्ये जाग येऊन उपयोग नाही.

प्रयोगाच्या नोंदींची वही पक्क्या बांधणीची घ्या आणि पहिल्याच दिवशी पानांना नंबर टाका. चुकलेलं रीडिंग एका रेघेने खोडा, खालचा आकडा वाचता यायला हवा. व्हाइटनर नको, पान फाडणं तर नकोच. स्पिरिट सांडलं की बॉलपेनचं अक्षरही पसरतं, म्हणून दर शनिवारी पानांचे फोटो काढून ठेवा.

मीटिंगच्या आदल्या संध्याकाळी पाच ओळी पाठवा. 'प्लेट्सवर बुरशी आली, काय करू?' यावर कोणीही 'पुन्हा करा' एवढंच म्हणणार. तेच असं लिहा (ऑटोक्लेव्ह म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र):

'सर, 24 पैकी 7 प्लेट्सवर बुरशी आली. नमुना न टाकलेल्या 3 कंट्रोल प्लेट्सपैकी 2 वरही आहे. ऑटोक्लेव्ह 121 अंशांवर 15 मिनिटं चालवला होता, पण फ्लास्क काठोकाठ भरले होते. या वेळी निम्मेच भरून पाहू का?'

कंट्रोलवरही बुरशी आहे, म्हणजे दोष नमुन्याचा नसून मीडियम (प्लेटमध्ये ओतायचं जंतूंचं खाद्य), प्लेट्स किंवा ओतण्याच्या जागेचा आहे, हे सरांना वाचताक्षणी कळतं. 'हो' म्हणायला त्यांना अर्धं मिनिट पुरतं. मीटिंगनंतर जे ठरलं ते त्याच मेलखाली दोन ओळींत लिहून पाठवा. 'मी असं म्हणालोच नव्हतो' हा प्रसंग टळतो. आणि वाईट निकाल दडवू नका. तीन आठवड्यांनी बाहेर येतो तेव्हा विश्वासही जातो.

पेपरवर नाव कोणाचं, कितवं, हे अवघड बोलणं काम सुरू झाल्यावर महिन्याभरात उरकून घ्या. ड्राफ्ट सबमिशनच्या आदल्या रात्री देऊ नका, किमान दोन आठवडे आधी द्या. यूजीसीच्या 2018 च्या नियमांनुसार दुसऱ्यांच्या मजकुराशी 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, पण शब्द फिरवून आकडा खाली आणलेला परिच्छेद गाइडच्या नजरेतून सहसा सुटत नाही.

शिफारसपत्र महिनाभर आधी मागा. सोबत अंतिम तारखा, कुठे अर्ज करताय आणि प्रोजेक्टमध्ये तुम्ही स्वतः केलेल्या कामाचे चार मुद्दे द्या. वही त्याआधी लॅबमध्ये जमा करा. ती लॅबची असते, फोटो आपल्याकडे ठेवायचे तर विचारून.